मधली खोली : वादळानंतर रावेर ते धडगाव, सहा दिवस

दिवस पहिला

मावशीचा फोन आला तेव्हा मी पुण्यात साइटवर होतो. "पत्रे उडाले रे बाप्पा, केळी झोपली सगळी," एवढंच ती बोलली आणि फोन मावसभावाकडे दिला. मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. रावेर-यावल पट्ट्यात या दिवसांत वादळ नवीन नाही. वर्षभर पोसलेला मृगबाग, म्हणजे मृगात लावलेली केळी, कापणीला येतो आणि नेमकं तेव्हाच दुपार कलता कलता सातपुड्यावर काळं भरून येतं. कधी या गावावर जातं, कधी त्या. यंदा आमच्या मावशीचं गाव होतं.

फोन ठेवला आणि लगेच श्रीवर्धन तालुक्यातल्या दादांना लावला. दादा सुतार आहेत. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धनजवळ जमिनीवर आलं, त्यानंतर आम्ही पाच-सहा जण तिथे चार महिने घरांवर पत्रे चढवत होतो. मी डिप्लोमा झालेला सुपरव्हायजर, पण छपराचं खरं काम मला दादांनी शिकवलं. तेही स्वतःची सुपारीची वाडी आडवी पडलेली असताना. सुपारीचं रोप फळायला वर्षानुवर्षं लागतात. वाडी पडली की घरातल्या एका माणसाची उमेदीची वर्षंच जातात, हे मी तेव्हा पाहिलं.

तिथली एक गोष्ट मला अजून झोपू देत नाही. पहिल्या पंधरवड्यात आम्ही फार घाई केली. पाऊस तोंडावर होता, लोक प्लास्टिकच्या कागदाखाली बसले होते, वीज नव्हती. जुनेच वासे, जुनीच भोकं, हाताला लागले ते खिळे, असं करत आम्ही घरामागून घर झाकत गेलो. लोकांनी दुवा दिला. पुढच्या वर्षी मे 2021 मध्ये तौक्ते आलं. ते आमच्या किनाऱ्यावर धडकलंही नाही, समुद्रातूनच वर गुजरातकडे गेलं. तरी आम्हीच बसवलेले कितीतरी पत्रे पुन्हा रस्त्यावर आले. घर जसं होतं तसंच परत उभं केलं, म्हणजे पुढच्या वादळासाठीच ते तयार करून ठेवलं. तेव्हापासून मदतीचं काम म्हटलं की मी आधी विचारतो, आधीचं का पडलं?

दादा एका शब्दावर निघाले. हत्यारांची पेटी घेऊन कल्याणला गाडीत चढले. पहाटे भुसावळला उतरलो तर फलाटावरची हवा भट्टीच्या तोंडासारखी. दादांनी आयुष्यात असा कोरडा उन्हाळा पाहिला नव्हता. तापीच्या पुलावर त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि पाण्याकडे बघत राहिले. पूल ओलांडला की दोन्ही अंगांनी केळी सुरू होते. पहिले काही कोस सगळं हिरवंगार आणि शहाण्यासारखं उभं. मग सावद्याच्या पुढे एका वळणावर हिरवा रंग एकदम खाली गेला, जमिनीच्या पातळीवर. दादा काही बोलले नाहीत. टोपी काढून मांडीवर ठेवली.

मावशी ओट्यावरच उभी होती. "काहाले आला रे एवढ्या उन्हाचा?" म्हणत आत पाणी आणायला गेली. वर बघितलं तर आकाश.

दिवस दुसरा

सकाळी सहाला मावसभावाबरोबर शेतात गेलो. साडेनऊनंतर बाहेर उभं राहवत नाही, त्यामुळे इथे दिवसाचं खरं काम पहाटेच उरकतात.

सहा एकर केळी. जी-नाइन जातीची उतिसंवर्धित रोपं, गेल्या मृगात लावलेली, घड भरत आलेले. कापणीला महिनाभर होता. आता सगळी खोडं एकाच दिशेला, ईशान्येकडे डोकं करून पडलेली, विंचरलेल्या केसांसारखी. दादा ओळीतून चालत गेले आणि वाकून म्हणाले, "आमच्याकडे असं नव्हतं. आमच्याकडे माडसुपारी दोन्हीकडे पडलेली." ते खरंच आहे. चक्रीवादळ फिरतं असतं. त्याचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, डोक्यावरून गेला तर आधी एका अंगाने वारा झोडपतो, मग थोडा वेळ सगळं गप्प होतं, आणि मग उलट्या अंगाने परत सुरू. खानदेशातलं हे वावधन, म्हणजे अचानक सुटणारं वादळी वारं, वेगळं. उन्हाने तापलेल्या जमिनीवर ढग उंच उंच चढतो, त्यातली थंड हवा एकदम खाली कोसळते आणि जमिनीला आपटून पुढे सुटते. वीस-पंचवीस मिनिटांचा खेळ. पट्टाही अरुंद असतो. शेजारच्या शिवारात एक पान फाटलेलं नसतं.

या फरकातच मला सगळ्यात मोठी अडचण दिसते. चक्रीवादळाची चाहूल हवामान खात्याला तीन-चार दिवस आधी लागते. माणसं हलवता येतात, बोटी ओढून घेता येतात. वावधनाचा इशारा मिळालाच तर दोन-तीन तास आधी, आणि तोही तेव्हा शेतात असलेल्या बाईच्या फोनवर पोहोचेलच असं नाही. म्हणजे इथे तयारी करायला हातात वेळ नसतोच. तयारी आधीच घरात बांधलेली असावी लागते. आणि ती बांधायची संधी येते कधी? मागचं वादळ आवरताना. पत्रा नाहीतरी नवा चढवायचाच असतो, तेव्हा.

बांधाच्या पश्चिमेला एका कोपऱ्यात शेवरीच्या झाडांची जुनी ओळ होती. तिच्या आडोशाच्या काही ओळी जवळजवळ सगळ्या उभ्या होत्या. "बाकीची शेवरी?" मी विचारलं. मावसभाऊ म्हणाला, "तोडली दोन वर्षांखाली. दोन ओळी जास्त बसतात ना भाऊ, आणि पाणीबी पेते ती." त्या दोन ओळींचा हिशेब त्याने मला तिथेच बांधावर बसून करून दाखवला. मी त्याला दोष देणार नाही. भाव पडला की माणूस बांधापर्यंत लावतो.

मोडलेल्या केळीचं काय करायचं, हाही या आठवड्याचाच निर्णय असतो. खोड वरून मोडलं असेल आणि मूळ धरून असेल तर जोमदार पील, म्हणजे बुंध्यातून फुटलेला कोंब, राखून खोडवा, म्हणजे त्याच मुळावरचं पुढचं पीक, घेता येतो. मुळासकट उपटलं असेल तर ते झाड गेलं. पण आधी शेत साफ व्हायला पाहिजे आणि त्याला मजूर पाहिजेत. मजुरांचं नाव निघालं तसा मावसभाऊ विहिरीकडे बघायला लागला.

विहिरीजवळ एक खोप होती. होती म्हणजे आता चार मेढी उभ्या आणि बाजूला पत्र्यांचा ढीग. पत्र्यांवर ठेवलेले दगडही तिथेच पडलेले, एकेक पायलीएवढा. धडगाव तालुक्यातलं पावरा आदिवासी कुटुंब तिथे राहत होतं. नवराबायको आणि दोन पोरं, तिसरं वर्ष या शेतावर. वारा सुटला तेव्हा चौघंही खोपीत होते. पत्रा उचलला गेला आणि वरचा दगड आठ वर्षांच्या पोराच्या हातावर आला. हात मोडला. दुसऱ्या दिवशी मावशीने दोन हजार रुपये दिले, पोराला दवाखान्यात नेऊन प्लास्टर केलं आणि मग ते गावाकडे निघून गेले.

पत्र्यावर दगड ठेवणं हे आपल्याकडे इतकं सवयीचं आहे की त्याकडे कुणी बघत नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. छपरावरून वारा सुसाटला की तो पत्र्याला खाली दाबत नाही, वर ओढतो. कडेला आणि आढ्याशी सगळ्यात जास्त. तिथे दगडाचा काय पाड? तो फक्त खाली येतो.

दुपारी मावशीच्या घरात नीट बघितलं. पुढची पडवी आणि दोन खोल्या पत्र्याच्या, तेवढ्याच गेल्या. मधली खोली जुनी, आजोबांच्या वेळची, धाब्याची. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, सागाचे सर, वर माती. तिला ओरखडाही नाही. धाब्याला पावसात जपावं लागतं, मृगाच्या आधी वर खारी माती पसरावी लागते, नाहीतर गळतं आणि एखाद्या भरपावसात बसतंही. म्हणून गावोगाव लोकांनी धाबी मोडून पत्रे टाकले. पण वाऱ्यापुढे ती खोली पहाडासारखी. वादळात मावशी, सून, नातवंडं, शेजारच्या दोन बायका, सगळ्या तिथेच बसल्या होत्या.

त्या खोलीला मागे एक दार आहे, शेताच्या बाजूला उघडणारं. दारासमोर धान्याची कोठी. दार कितीतरी वर्षं उघडलेलं नाही. तिथून विहिरीजवळची खोप दोनशे पावलं.

मी विचारलं, "मावशी, त्याईले हाक नाही मारली?"

ती तांदूळ निवडत होती. हात थांबला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "मले सुचलंच नाही रे."

ती वाईट बाई नाही, हे मला सांगायला पाहिजे. आजारी मजुरीण असली तर भाकरी घेऊन जाते. पण घरात कोण येतं आणि कोण अंगणापर्यंत येतं हे इतक्या पिढ्यांचं ठरलेलं आहे की वादळाच्या वीस मिनिटांत ते बदलायचं तिच्या डोक्यात आलंच नाही. आणि त्यांच्याही आलं नाही. ते दाराशी येऊन उभे राहिले असते तर तिने घेतलंच असतं. ते आले नाहीत. दादा ओट्यावरून ऐकत होते. रात्री मला म्हणाले, "आमच्या वाडीतही हेच झालं होतं. पक्कं घर समोर, आणि माणसं गोठ्यात."

दिवस तिसरा

पंचनामा वादळाच्या तिसऱ्या दिवशीच झाला होता. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक येऊन गेले. पिकाचं नुकसान 33 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर सरकारी मदतीला ते पात्र ठरतं. इथे तर सगळंच गेलेलं, त्यामुळे मावसभावाचं नाव यादीत आहे. फळपीक विम्याचीही सूचना त्याने 72 तासांच्या आत दिली होती. त्याची धाकधूक वेगळीच आहे. विम्यात वाऱ्याचा वेग महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर मोजलेला धरतात, आणि हे अरुंद वावधन केंद्रावरून गेलं की बाजूने, कोण जाणे.

पण गावात फिरल्यावर कळलं की यादीत नसलेले किती आहेत. एकाने चार एकर नफ्याने, म्हणजे ठरलेल्या रकमेवर कसायला, घेतलेली. आगाऊ पैसे देऊन बसला आहे, रोपं त्याची, खत त्याचं, ठिबक त्याचं. सातबारा मात्र मालकाचा. मदत आली तर मालकाच्या खात्यात येणार, आणि मालक देईल का हे दोघांच्या संबंधावर. एक विधवा भावजय, जमीन अजून सासऱ्याच्या नावावर, वारस नोंद झालेली नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल ठरवून राहिलेला सालदार, त्याचं पीक नाही आणि घरही नाही. आणि विहिरीजवळची खोप तर कुठल्याच कागदावर नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना आठला, म्हणजे घरांच्या नोंदवहीत, जे घर नाही, ते पडलं असं तरी कोण लिहिणार?

ज्याच्याकडे कागद आहे तो वादळानंतर थोडा खाली येतो आणि पुन्हा वर येतो. ज्याच्याकडे नाही तो सावकाराकडे जातो किंवा गाव सोडतो, आणि पुढच्या वादळाला आणखी हलक्या छपराखाली सापडतो. श्रीवर्धनलाही मी हेच पाहिलं होतं. त्यामुळे मला वाटतं, गावाने पंचनाम्याच्या बरोबरीने आपली स्वतःची एक यादी करावी. साध्या वहीत. कोण नफ्याने करतो, कोण शेतात राहतो, कुठल्या घरात एकटी म्हातारी आहे, कोण अंथरुणावर आहे. मावसभावाच्या मुलीने, ती बारावीत आहे, संध्याकाळपर्यंत दोन गल्ल्यांची अशी वही भरून आणली. नफ्याने करणाऱ्यांसाठी मालकाचं साध्या कागदावर संमतिपत्र घ्यायचं तिच्याच डोक्यातून निघालं. तीन मालकांनी सही दिली. एकाने नाही दिली.

मधल्या वेळात आम्ही फैजपूरला सामान आणायला गेलो. दादांनी फॅब्रिकेशनवाल्याच्या दुकानात तासभर घालवला. खिळे नकोत, रबरी वायसरचे सेल्फ ड्रिलिंग स्क्रू पाहिजेत. पाईप भिंतीला नुसता टेकवायचा नाही, भिंतीत गाडलेल्या अँगलला वेल्ड करायचा. पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून तोडून वेगळं करायचं, म्हणजे पडवी गेली तरी घर राहील. वळचण दीड फुटाच्या बाहेर काढायची नाही. आपल्याकडे सावलीसाठी तीन-तीन फूट काढतात, आणि वारा तिथेच हात घालतो. दुकानातला पोरगा सुरुवातीला हसत होता, मग वही घेऊन बसला. खर्च? नेहमीच्या छपरापेक्षा थोडाच जास्त. पत्रा तोच, फक्त तो धरून ठेवणाऱ्या वस्तू वेगळ्या.

फैजपूरला आलोच होतो म्हणून दादांना सांगितलं की 1936 चं काँग्रेस अधिवेशन इथे भरलं होतं, खेड्यात भरलेलं पहिलं. त्यासाठी उभारलेल्या टिळकनगरची सजावट नंदलाल बोसांनी केली होती, इथल्याच बांबूत आणि इथल्याच साध्या सामानात. दादांनी लगेच विचारलं, "बांबू कुठला वापरला असेल?" संध्याकाळपर्यंत ते त्याच विचारात होते.

रात्री गावात वीज नव्हती. ओट्यावर वीसेक माणसं जमली. मी ओडिशाचं सांगितलं. 29 ऑक्टोबर 1999 ला तिथे महाचक्रीवादळ आलं, सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यानंतर त्या राज्याने आपत्तीसाठी वेगळं प्राधिकरण काढलं, किनाऱ्यावर निवारे बांधले, गावागावात तरुणांना कामं वाटून दिली. हाकाटी कोण पिटणार, म्हाताऱ्यांना उचलून कोण आणणार, गुरांचे दावे कोण सोडणार. 2013 मध्ये फायलिन आलं तेव्हा दहा लाखांच्या घरात माणसं हलवली. 2019 मध्ये फनी आलं तेव्हा बारा लाखांच्या आसपास, आणि ओडिशात मृत्यू झाले 64. कुठे दहा हजार, कुठे 64.

"मग घरं?" एका आजोबांनी विचारलं.

प्रश्न बरोबर होता. फनीत लाखो घरं पडली किंवा मोडली, आणि पडली ती बहुतेक मातीची आणि गवताची. जीव वाचवायचा रस्ता सापडला आहे. वाचलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी कुठे आणि कशावर उभं राहायचं, ते अजून व्हायचं आहे. आजोबांनी मान हलवली. "वारं जाते बाप्पा, कर्ज नाही जात."

दिवस चौथा

दिवसभर पत्रे. पहाटे पाच ते दहा आणि चार ते अंधार पडेपर्यंत. फैजपूरचा दुकानातला पोरगा मोटारसायकलवर वेल्डिंग मशीन बांधून आपणहून आला, गावातली चार पोरं हाताखाली. दादा त्यांना एकच गोष्ट परत परत दाखवत होते. पत्र्याच्या खोलगट भागात भोक पाडायचं नाही, उंच लाटेवर पाडायचं. कडेच्या ओळीत दर दुसऱ्या लाटेला स्क्रू, मधे थोडे विरळ चालतील. स्क्रू इतकाच पिळायचा की रबर दबेल पण बाहेर फुगणार नाही. एका पोराने फार पिळला. दादांनी तो काढायला लावला, रबर हातात घेऊन त्याच्या नखाएवढी चीर सगळ्यांना दाखवली. "इथून पाणी जाणार, गंज धरणार, भोक मोठं होणार, आणि दोन वर्षांनी वारा इथेच बोट घालणार." पोरांनी ते रबर एकमेकांच्या हातात देऊन बघितलं.

दुपारी मावशीने आमरस केला, खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या. बाहेर शेत आडवं पडलेलं आणि आत हे. मी नको म्हणत होतो. तिने ऐकलं नाही.

संध्याकाळी काम संपत आलं तेव्हा ती दादांजवळ येऊन उभी राहिली. म्हणाली, "दादा, मधल्या खोलीची ती कोठी हालवता येईल का हो?" कोठी जुनी, लाकडी, दहा मणांची. पाच जणांनी मिळून ती आडव्या भिंतीला सारली. मागचं दार फुगलेलं होतं. दादांनी रंधा मारून ते मोकळं केलं आणि बिजागऱ्यांत तेल सोडलं. दार उघडलं तशी मावळतीची तिरीप थेट खोलीत आली. समोर विहीर आणि चार मेढी दिसत होत्या. दाराला आतून कडी नव्हती, तीही दादांनी आपल्या पेटीतली बसवली.

मी काही बोललो नाही. मावशीही बोलली नाही.

दिवस पाचवा

लालपरीने बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याने पश्चिमेकडे. यावल, चोपडा, शिरपूर. उजव्या हाताला सातपुडा सतत बरोबर. लेवा बोली मागे पडली, बसमध्ये अहिराणी सुरू झाली, आणि मला अमळनेरचं माझं घर आठवायला लागलं. शिरपूरपर्यंत दादा झोपले होते.

शहाद्याच्या अलीकडे पपईची शेतं. इथेही वाऱ्याने नुकसान झालं होतं, पण कमी. मुक्काम शहाद्याला, एका शिक्षक मित्राकडे. तो धडगाव भागातल्या आश्रमशाळेत शिकवतो आणि खोपीतल्या त्या कुटुंबाचा पाडा त्याला माहीत होता. शेवभाजी खाऊन आम्ही लवकर आडवे झालो.

दिवस सहावा

म्हसावदवरून घाट चढताना हवा बदलली. पाडा एका टेकडीवर, घरं लांब लांब, प्रत्येक घराभोवती आपलं वावर. मोडलेल्या हाताचा पोरगा आम्हाला लांबूनच दिसला. हात गळ्यात अडकवलेला आणि दुसऱ्या हाताने शेळी धरलेली.

त्याच्या आजोबांचं घर दादांनी तासभर बघितलं असेल. सागाच्या मेढी खोल गाडलेल्या, त्यांच्या बेळक्यात आडवं लाकूड बसवलेलं, बांबूचे वासे, बांबूच्या विणलेल्या भिंती शेणामातीने लिंपलेल्या, वर कौलं. सांध्यात कुठे खिळा नाही. सगळं पळसाच्या मुळांच्या दोराने आवळलेलं. हे घर चाळीस वर्षांचं आहे असं आजोबा म्हणाले. वारा आला की कौलं सरकतात, ती परत नीट लावतात. बाजूलाच मुलाने दोन वर्षांपूर्वी बांधलेली पत्र्याची खोली होती, तिचा एक पत्रा गेल्या पावसाळ्यात खालच्या नाल्यात सापडला. दादा म्हणाले, "हे बांधलेलं आहे आणि ते ठोकलेलं." मग त्यांनी पत्र्याच्या खोलीवर स्क्रूही मारले आणि वासे मेढीला दोराने आवळलेही. गाठ आजोबांनी शिकवली. दादांना ती तिसऱ्या वेळी जमली. इथे घर बांधायला सगळा पाडा येतो, पैसे कुणी घेत नाही, आज माझ्याकडे उद्या तुझ्याकडे. दुपारपर्यंत बारा-तेरा माणसं आली होती. सरकारी मदत पोहोचायच्या कितीतरी आधी ही माणसं पोहोचलेली असतात, आणि हीच सवय केळीच्या पट्ट्यात मजूर म्हणून उतरल्यावर त्यांच्यापाशी उरत नाही. तिथे ते चौघंच असतात, विहिरीजवळ.

पोराच्या आईने आम्हाला कागद दाखवले. आधार कार्डं बरी होती. रेशन कार्ड भिजून लगदा झालेलं, ते तिने तव्याच्या उबेवर वाळवलं होतं. कडा तपकिरी झाल्या होत्या, पण नावं वाचता येत होती. दादांनी पेटीतून झिपची प्लास्टिकची पिशवी काढली. श्रीवर्धनपासून ते अशा पिशव्या जवळ ठेवतात. कार्डाला पोराच्या दवाखान्याच्या चिठ्ठ्या जोडून पिशवी बंद केली आणि घरातल्या सगळ्यात जाड मेढीला खिळा ठोकून अडकवली. तेवढा एक खिळा त्या घरात आला.

फोनला रेंज फक्त टेकडीच्या टोकावर, मोहाच्या झाडाखाली. चार वाजता तिथे गेलो तर मावशीचे दोन मिस्ड कॉल. लावला. काल संध्याकाळी पुन्हा वारं सुटलं होतं, आधीच्या इतकं नाही. पत्रा वाजला, हालला नाही. मग म्हणाली, "ते भेटले का? पोराचा हात कसा आहे?"

मी सांगितलं.

"त्याईले सांग, मृग लागला की या. पील काढायचे आहेत, शेत साफ करायचं आहे. आणि खोप नका बांधू म्हणा आत्ताच. मधल्या खोलीत जागा केली मी. मागच्या दारानं येनं-जानं करा म्हणा."

मी फोन तसाच पोराच्या आईकडे दिला. तिने दोन्ही हातांनी धरला, ऐकत राहिली. हो, हो म्हणाली. शेवटी तिने एकच विचारलं.

"मावशी, दाराले आतून कडी आहे का?"

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. दादा खाली बसून दोर वळत होते. त्यांनी वर न बघताच सांगितलं, "आहे. मीच बसवली. लागते नीट."